तुम्हीच असाल, तर काही करू नका

किल्लेदाराचा मेल आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते.

फोन ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. स्क्रीन उजळली आणि नेहमीच्याच ओळी दिसल्या: 'तुम्ही आत्ताच गडात प्रवेश केलात. यंत्र: आधी वापरलेलं. ठिकाण: अंदाजे मुंबई. हाताची खात्री: अठ्ठ्याण्णव टक्के. तुम्हीच असाल, तर काही करू नका.'

असे मेल रोज येतात. आपण गड उघडला की किल्लेदार आपल्यालाच कळवतो, आपण उघडला म्हणून. पहिले काही दिवस वाचले, मग न वाचता पुसायची सवय लागली. पण त्या दिवशी मी लॅपटॉपला हातही लावला नव्हता. तो आत पलंगावर मिटून पडला होता, त्यावर जुईची चादर. आणि मी मुंबईत नाही, नाशकात होते, ओट्यापाशी, कोपरापर्यंत पीठ लागलेली.

मग हात कुणाचा?

पासवर्ड जाऊन आता बरीच वर्षं झाली. आधी यंत्रांना कुठलाही शब्द ओळखता यायला लागला, मग चेहऱ्यांची नक्कल व्हायला लागली, मग आवाजांची. शेवटी उरली ती हाताची लय. टाइप करताना प्रत्येक कळ किती वेळ दाबलेली राहते, एका कळेवरून दुसरीवर जायला बोटाला किती वेळ लागतो, कुठली अक्षरं जोडीनं भरभर येतात, कुठे बोट अडखळतं, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलं तर दोन माणसांचं कधी सारखं येत नाही म्हणे. चेहऱ्याचा फोटो काढता येतो, लयीचा काढता येत नाही. किल्लेदार हे ब्राउझरच्या कोपऱ्यात बसणारं एक्स्टेन्शन एवढंच काम करतं. पडद्यावर कधी न पाहिलेलं एक वाक्य येतं, ते आपण टाइप करायचं. हात पटला की गड उघडतो, आणि गडात आपलं सगळं असतं. बँक, गॅस, विमा, दवाखाना.

माझ्या गडात जुई होती.

जुई तीन वर्षांची. चालायला लागली त्याच सुमारास तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो, इन्सुलिनशिवाय न चालणारा. पूर्वी अशा मुलांच्या अंगावर पंप चिकटवायचे आणि मुलं ते ओढून काढायची. आता तिच्या दंडात कातडीखाली बोटाच्या पेराएवढी कुपी बसवलेली आहे. ती महिनोन्‌महिने पुरते, दिसत नाही, ओढता येत नाही. जुई काय खाणार ते मी गडात लिहायचं, कुपी तेवढं इन्सुलिन सोडते, आणि साखर चढतेय की उतरतेय ते गडातल्या आलेखावर बाणानं दाखवते. कमी लिहिलं तर साखर चढते. जास्त लिहिलं तर ती उतरते, आणि फार उतरली तर झोपलेलं मूल उठत नाही.

म्हणजे ज्याच्याकडे माझा हात, त्याच्याकडे जुईचा दंड.

मी हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि मागचे पुसलेले मेल कचऱ्यातून काढून बघत बसले. कणिक तशीच वाळली. माझे स्वतःचे प्रवेश वजा केले तरी रोज दोन-तीन उरत होते. सकाळी जुईच्या दुधाच्या वेळी. दुपारी वरणभाताच्या वेळी. संध्याकाळी सोसायटीच्या बागेतून आली की फळ खाते, तेव्हा. कुणीतरी माझ्या मुलीच्या जेवणाच्या वेळा पाळत होतं. बँकेला त्यानं एकदाही हात लावला नव्हता. फक्त जुईचा आलेख उघडायचा, बघायचा, बंद करायचा.

चोरानं पैसे नेले असते तर मी इतकी घाबरले नसते.

निनाद, माझा नवरा, आठवड्यातले चार दिवस कामासाठी मुंबईत असतो. मेलमधलं 'अंदाजे मुंबई' डोक्यात घुमत होतं. त्याला फोन लावला.

"तू माझा गड उघडतोस का रे?"

"मी? केतकी, मी दोन बोटांनी टाइप करतो. माझा स्वतःचा गड मला तिसऱ्या वेळेला आत घेतो."

"मग मुंबईहून कोण उघडतंय?"

"अगं, अर्ध्या महाराष्ट्राचं मोबाइल नेट मुंबईचं दाखवतं. गडचिरोलीत बसलेला माणूससुद्धा मुंबईकर दिसतो." मग म्हणाला, "तुला खरंच वाटलं का, मी चोरून बघतो? जुईचं? मला विचारायला चोरी आहे का?"

मी फोन ठेवला. त्या शनिवारी तो घरी आला तेव्हा शूज काढता काढताच म्हणाला, "झडती घ्यायची असेल तर बॅग इथे आहे," आणि हसला. मला हसू आलं नाही.

किल्लेदाराच्या मदतकेंद्रातला मुलगा फार गोड बोलत होता.

"मॅडम, मी तपासलं. हात तुमचाच आहे."

"पण मी नव्हते."

"अठ्ठ्याण्णव टक्के आहे, मॅडम. तुमचा स्वतःचा परवाचा सत्त्याण्णव आहे."

"म्हणजे तो माणूस माझ्यापेक्षा जास्त मी आहे?"

"असं नाही म्हणता येणार, मॅडम," तो म्हणाला. "पण दोन हात सारखे नसतात. कदाचित आपण उघडता आणि विसरता. लहान बाळ असलं की होतं असं. तरीही शंका असेल तर मेलच्या खाली 'मी नव्हे' असं बटण आहे. ते दाबलं की सगळे बाहेर पडतात, पहारा कडक होतो. पुन्हा हात पटवून आत यायचं. तोपर्यंत गड पूर्ण बंद. आतली उपकरणं शेवटचा हुकूम पाळत राहतात. बाहेरचं काही ऐकत नाहीत."

"शेवटचा हुकूम म्हणजे?"

"तुम्ही शेवटी जे सांगितलं असेल ते. चोराला काही बदलता येऊ नये म्हणून."

फोन ठेवल्यावर मला ते 'होतं असं' टोचत राहिलं. मी विसरत होते का? लॅपटॉपच्या झाकणाच्या फटीवर मी एक टिकली चिकटवली, उघडला तर निघावी म्हणून. मेल आला, टिकली जागच्या जागी. मी वेडी नव्हते. त्याचा आनंद व्हावा असं काही त्यात नव्हतं.

राहिल्या रोहिणीताई. बी विंगमध्ये तळमजल्याला त्यांचं पाळणाघर. मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते, तेव्हा जुई दिवसभर त्यांच्याकडे असते. ती काय खाते, कधी खाते, हे माझ्याइतकंच त्यांना माहीत. दोन दिवस मी काही ना काही निमित्तानं खाली जाऊन त्यांच्या टेबलावर लॅपटॉप आहे का ते बघून आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दारातच धरलं.

"जुईची मम्मी, तुम्ही काय शोधताय ते विचारून टाका. रोज आमचे पडदे कशाला बघता?"

मी विचारलं. नीट विचारता आलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमची पोरगी माझ्या मांडीवर झोपते. संशय असेल तर उद्यापासून पाठवू नका. पण ती गोष्ट मला मेलवरून नका सांगू, तोंडावर सांगा."

मी दुसऱ्या दिवशीही जुईला पाठवलं. दुसरीकडे कुठे पाठवणार? त्यांनी तिला घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही.

त्या सगळ्यात एक नाव मी मनातसुद्धा घेतलं नाही. कारण ते मी आधीच काढून टाकलं होतं.

गडाला 'पाहुणे' ठेवता येतात. त्यांना नुसतं बघता येतं. दिवाळीपर्यंत माझ्या गडात एकच पाहुणी होती, माझी आई. ती पुसदला राहते, एकटीच. दिवाळीत आम्ही तिच्याकडे गेलो होतो आणि मी अंघोळीला गेले असताना तिनं जुईला दोन अनारसे भरवले. जुईनं मागितले म्हणून. मला सांगितलं नाही. साखर कुठल्या कुठे चढली, सणाच्या दिवशी आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात बसलो. परत आल्यावर मी तिला सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू मारशील माझ्या मुलीला." तिच्यासमोरच तिचं नाव गडातून काढलं. तेव्हापासून रविवारी एक फोन व्हायचा. ती विचारायची, "बरी आहे नं?" मी म्हणायचे, "बरी आहे." तिला अजून काही विचारायचं असायचं. मी ठेवून द्यायचे.

पुढचं सगळं घडलं तो दिवस बुधवार होता. दुपारी रोहिणीताईंचा निरोप आला: ताट वाढलंय. मी जुईचा वरणभात लिहिला. भात हळू पचतो, म्हणून अर्धा डोस लगेच आणि उरलेला तासाभरात थोडाथोडा, अशी आमची नेहमीची पद्धत. हुकूम दिला, गड बंद केला, कामाला बसले.

आणि मेल आला. 'तुम्ही आत्ताच गडात प्रवेश केलात.'

तो माणूस आत होता. आत्ता. जुईच्या अंगात औषध उतरत असताना. मी विचार केला नाही. 'मी नव्हे' दाबलं.

'गड बंद केला आहे. पहारा वाढवला आहे.' किल्लेदाराच्या चिन्हातला हिरवा बुरूज लाल झाला. मला पहिल्यांदा बरं वाटलं. मी चक्क चहा टाकला.

चहाला उकळी यायच्या आत दाराची बेल वाजली, एकदा नव्हे, कुणी बोट दाबूनच धरलं तशी. रोहिणीताई. त्यांच्या खांद्यावर जुई. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे.

"एक घास खाल्ला आणि सगळं ओकली. साखरेचं पाणी दिलं, तेही पडलं. बोट टोचून बघितलं मी, उतरतेय. जुईची मम्मी, ते औषध थांबवा आधी!"

पोटात अन्न नाही, आणि उरलेला अर्धा डोस कुपी थेंबाथेंबानं सोडत होती. माझा शेवटचा हुकूम पाळत. एरवी साखर उतरली की गडातूनच तिला थांब म्हणून कळतं. पण गड मी बंद केला होता, आणि कुपी बाहेरचं काही ऐकत नव्हती.

मी लॅपटॉप ओढला. पडद्यावर वाक्य आलं: 'डोंगराच्या पलीकडे राहणाऱ्या मेंढपाळानं पहाटे आपली काठी शोधली.' मी टाइप केलं.

'हाताची खात्री: एकेचाळीस टक्के. पुन्हा प्रयत्न करा.'

बोटं थरथरत होती. एका कळेवर दोन बोटं पडत होती. नवं वाक्य, पुन्हा टाइप. अडतीस. तिकडे रोहिणीताई जुईच्या गालात आतून ग्लुकोजचं जेल चोळत होत्या आणि दुसऱ्या हातानं दवाखान्याला फोन लावत होत्या. "ॲम्ब्युलन्स निघते म्हणतात, पण द्वारका चौकात जाम आहे. इथे आल्यावर ते त्यांच्या यंत्रानं दंडावरूनच थांबवतील. तोवर तुमच्याकडून थांबत असेल तर थांबवा म्हणतात."

"ते मला ओळखत नाहीये!" मी ओरडले. "मी आहे! मीच आहे!"

जुईनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

फोन वाजला. आई. बुधवारी, दुपारी. मी तो कापणार होते, पण बोटाला तेही नीट जमलं नाही आणि फोन उचलला गेला.

"केतकी, तू कुठं आहेस? जुईची साखर उतरून राहिली आहे, बाण खाली होता. बघता बघता मला बाहेर काढलं त्यानं. पोरगी जेवली नाही का?"

माझा हात कळांवरच थांबला.

"तुला कसं कळलं?"

"काय कसं कळलं? किल्लेदारात बघितलं नं. तुझा जुना लॅपटॉप आहे नं माझ्याकडे. एक दिवस फोटो बघायला उघडला, त्यानं वाक्य दिलं, मी मारलं. उघडलं." मग म्हणाली, "मला वाटलं, तूच उघडं ठेवलं माझ्यासाठी. बोलली नाहीस, पण ठेवलं. म्हणून मीही बोलली नाही."

माहूरकर टायपिंग इन्स्टिट्यूट, आईचं. पुसदच्या बसस्टँडमागे, पत्र्याच्या छपराखाली मशीनच्या दोन रांगा, आणि आई मधून पट्टीनं टेबलावर ठेका देत फिरायची. मी शाळेत जायच्याही आधी तिच्या मांडीवर बसून शिकले, तिच्या हातांवर हात ठेवून. तिची उजवी करंगळी कधीतरी दारात चेंगरली होती. त्या करंगळीची कळ आली की ती किंचित थांबायची. माझी करंगळी धडधाकट, पण मीही तिथे थांबते. अजून थांबते. मला वाटायचं, टायपिंग असंच असतं.

दोन हात सारखे नसतात. पण एक हात दुसऱ्यावर ठेवून शिकवला तर?

"आई," मी म्हणाले, "लॅपटॉप समोर आहे?"

"आहे नं."

"तो मला आत घेत नाहीये. माझे हात कापतायत. तू उघड. तू मी हो."

तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. "थांब, हात पुसते," म्हणाली. लुगड्याला नाही, रुमालाला. कळांना ओला हात लावलेला तिला कधी चालला नाही. मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तिचा ठेका, तोंडानं, खालच्या आवाजात. "एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार." त्यामागे कळा. सरळ, सारख्या, शिवणयंत्र चालावं तशा. मध्येच एक बारीक थांबा. करंगळी.

"उघडलं," आई म्हणाली.

"जुईवर जा. कुपी. उरलेला डोस. दिसतंय?"

"दिसतंय. 'थांबवा' आहे."

"दाब."

"विचारतो आहे, नक्की का?"

"आई, दाब!"

"दाबलं. ओरडू नको, पोरगी घाबरेल." मग: "थांबलं, लिहून आलं. बाण बघते मी. तू तिला धर."

मी जुईला घेतलं. रोहिणीताई तिच्या गालात जेल चोळतच होत्या. फोनवर आई बाण सांगत होती, क्रिकेटची कॉमेंटरी सांगावी तशी. "खालीच आहे. खालीच. आता आडवा झाला. केतकी, आडवा झाला." मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग, "किंचित वर." आणि त्याच सुमारास जुई म्हणाली, "मम्मा, तोंड चिकट."

रोहिणीताई खाली फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. माफी मागायची होती, पण त्यांनी मान हलवली. "आधी तो चहा बंद करा," म्हणाल्या. "जळतोय."

माझ्या फोनवर मेल येऊन पडला होता. 'तुम्ही आत्ताच गडात प्रवेश केलात. हाताची खात्री: अठ्ठ्याण्णव टक्के. तुम्हीच असाल, तर काही करू नका.'

खाली 'मी नव्हे' होतं. मी काही केलं नाही.

मदतकेंद्रातल्या मुलाचा नंतर फोन आला. चौकशी चालू होती, नेमकं कोण आत आलं होतं? "मीच," मी म्हणाले. "बाळ लहान आहे. विसरायला होतं." निनादला हे पटलं नाही. "आईंना रीतसर पाहुणी कर की. उद्या त्या लॅपटॉपवर तिसराच कुणी बसला तर?" तो चुकीचं बोलत नव्हता. पण पाहुण्याला नुसतं बघता येतं, थांबवता येत नाही. आणि गडाचा नियम आहे, मालक एकच. मग मालक एकच राहू दे, म्हटलं. दोन ठिकाणी बसलेली.

तेव्हापासून मेल पुसत नाही. सकाळी दुधाच्या वेळी एक येतो, दुपारी एक, संध्याकाळी एक. पूर्वी मला त्या मेलची धास्ती वाटायची. आता यायला उशीर झाला तर वाटते. आई रोज फोन करते, पण स्वतःबद्दल कधी काही सांगत नाही. विचारलं तर "मला काय धाड भरली?" एवढंच. मेल मात्र काही लपवत नाही. संक्रांतीपर्यंत अठ्ठ्याण्णव होतं. मग शहाण्णव. मी म्हटलं, थंडी. होळीला त्र्याण्णव.

काल सकाळी अठ्ठ्याऐंशी. मी फोन लावला.

"आई, हात दुखतो का गं तुझा? उजवा?"

"तुला कसं कळलं?" ती म्हणाली.

ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "काही नाही वं. सकाळी कप सुटला हातातून. बधिर होते थोडं. जाते आपोआप."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"एवढ्याशाला?"

संध्याकाळचा मेल आला तेव्हा मी जुईला सफरचंद कापून देत होते. हाताची खात्री: एक्क्याऐंशी टक्के. शेवटची ओळ नेहमीचीच. तुम्हीच असाल, तर काही करू नका.

मी सुरी ठेवली. आईच्या शेजारच्या देशमुखकाकूंना फोन करून सांगितलं, आत्ताच्या आत्ता तिला रिक्षात घाला आणि मोठ्या दवाखान्यात न्या, ती नाही म्हणेल, ऐकू नका. मग कपाट उघडून बॅग खाली काढली.

"कुठे जायचं?" जुईनं विचारलं.

"आजीकडे."

"अनारसे?"

"एक," मी म्हणाले. "आणि आजी मला विचारून देईल."